नोकरी धरली म्हणून उपचार तुटत नाहीत

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं काम मिळत होतं, पण "उपचारांचं कार्ड बंद होईल" म्हणून घरच्यांनी नको म्हटलं. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे, कुठेही जा, दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरांतून हे ऐकू येतं. शिकलेली, हाताला काम जमणारी माणसं या एका धास्तीपायी घरी बसून आहेत. हा लेख मी त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिते आहे.

धास्ती समजण्यासारखी आहे. ज्याला रोज फिट्सच्या गोळ्या लागतात, ज्याचा कॅथेटर ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो, जिला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी घ्यावी लागते, त्यांच्या घरात पगाराआधी उपचारांचा विचार होणारच. नोकरी आज आहे, उद्या नाही. आजार मात्र कायमचा. म्हणून माणसं हातचं सोडायला तयार होत नाहीत. पण हातचं नेमकं काय आहे आणि त्यातलं नोकरीमुळे खरोखर काय जातं, हे फार थोड्या घरांत नीट तपासलेलं असतं.

गोव्यापुरतं थेट उत्तर असं: नोकरीमुळे जाऊ शकते ती मासिक मदत. उपचार जात नाहीत. काही ठिकाणी ते उलट वाढतात. दोन-तीन जागा मात्र अशा आहेत, जिथे लक्ष दिलं नाही तर मधेच खंड पडतो. त्या जागा कुठल्या, ते पुढे सविस्तर येईलच.

दयानंद वेगळी, दीनदयाळ वेगळी

पंचायतीत, रेशन दुकानावर, बसमध्ये या दोन नावांचा सर्रास घोळ होतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना म्हणजे ज्येष्ठ, एकल महिला आणि दिव्यांग यांच्या बँक खात्यात दरमहा येणारे पैसे. ती गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची योजना. तिला उत्पन्नाची अट आहे, गोव्यातल्या वास्तव्याची अट आहे, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नियमित पगार सुरू झाला की या योजनेतली पात्रता सुटू शकते. भीतीचं मूळ इथे आहे आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना हे निराळं प्रकरण. २०१६ मध्ये सुरू झालेली ही राज्य सरकारची आरोग्यविमा योजना. गोव्यात किमान ५ वर्षं राहणाऱ्या कुटुंबांसाठी ती आहे आणि तिच्यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही. घरात ३ माणसांपर्यंत असतील तर वर्षाला २.५ लाख रुपयांपर्यंत, ४ किंवा जास्त असतील तर ४ लाखांपर्यंत, ठरवून दिलेल्या ४४७ उपचारांसाठी कवच मिळतं. कार्ड कुटुंबाचं असतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पगार किती, हा प्रश्न या कार्डासाठी येतच नाही. त्यामुळे कुंडईला कामाला लागलात म्हणून दीनदयाळ कार्ड बंद पडत नाही. या योजनेच्या बाहेर राहतात ते सरकारी कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं, कारण त्यांच्या वैद्यकीय खर्चाची सोय सरकार वेगळी करतं.

पाच लाखांचं आयुष्मान कार्ड काही घरांकडे आहे. ग्रामीण भागात ती यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून झाली, आणि ज्या घरात दिव्यांग व्यक्ती आहे पण धडधाकट प्रौढ कोणी नाही, अशी घरं तिच्यात एक स्वतंत्र गट म्हणून धरली गेली. त्या यादीत नाव आलेलं असेल तर आज मिळालेल्या नोकरीने ते खोडलं जात नाही.

आणि या सगळ्याच्या खाली बांबोळीचं सरकारी इस्पितळ आहेच. गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, हे १८४२ पासूनच्या वैद्यकीय शाळेचं आजचं रूप. तिथे ओपीडीला जाणाऱ्या गोंयकाराला कोणी पगारपत्रक मागत नाही. जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं. गोव्याच्या रहिवाशाला मात्र आपण इथले आहोत एवढंच दाखवावं लागतं. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मडगावचं जिल्हा इस्पितळ, मनोविकारांसाठी बांबोळीचीच मनोरुग्ण संस्था, गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, यांतलं काहीही नोकरीमुळे बंद होत नाही.

दीनदयाळची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. ती मुख्यतः इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांची योजना आहे. महिन्याच्या गोळ्या, बाहेरच्या तपासण्या, नेहमीची फिजिओथेरपी यांचा खर्च तिच्यातून निघत नाही. दिव्यांग माणसाच्या खर्चाचा मोठा भाग नेमका हाच असतो. नोकरीने खरा फरक पडतो तो इथे.

ईएसआय: नोकरीबरोबर येणारं कवच

कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, हा १९४८ च्या कायद्याने आलेला विमा. साधारणपणे १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला, हॉटेलला, दुकानाला तो लागू होतो. त्यात कामगार ०.७५ टक्के भरतो आणि मालक ३.२५ टक्के. २०१९ च्या जुलैपासून हेच दर आहेत.

पगारपत्रक हातात घेऊन बघू. पगार १८,००० असेल तर "ईएसआय" या ओळीत १३५ रुपये कापलेले दिसतील. मालक आपल्या खिशातून ५८५ रुपये घालतो, पण तो आकडा सहसा पगारपत्रकात दिसत नाही. या ७२० रुपयांत तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला ओपीडी, औषधं, तपासण्या, दाखल होणं, शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव, सगळं मिळतं. उपचारांच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आधीपासूनचा आजार म्हणून नाकारणं नाही. आणि उपचारांचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. खासगी विमा कंपनीच्या दारात दिव्यांग माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना या चार वाक्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. ईएसआयला पगाराची मर्यादा आहे: महिना २१,००० रुपये. त्यापेक्षा जास्त पगाराचा कामगार तिच्यात येत नाही. पण दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. हा चार हजारांचा फरक गोव्यातल्या कित्येक कंपन्यांच्या पगार विभागालाच ठाऊक नसतो. वेर्ण्यातली फार्मा कंपनी असो की पणजीतलं हॉटेल, पगार २२,००० झाला की तिथला कारकून सरळ ईएसआय बंद करतो. त्याचा हेतू वाईट असतो असं नाही. संगणकात नोंद करताना "कामगार दिव्यांग आहे का" या प्रश्नापुढे कोणीतरी "नाही" टाकलेलं असतं आणि तेच पुढे चालत राहतं.

म्हणून कामाला लागताना तीन गोष्टी स्वतः बघा. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत द्या आणि ईएसआयच्या नोंदणीत दिव्यांग म्हणून खूण झाली का ते विचारा. नोंदणीनंतर मिळणाऱ्या ई-पहचान कार्डाची छापील प्रत मागून घ्या. त्यावर तुमचा १० अंकी विमा क्रमांक असतो आणि कुटुंबीयांची नावं असतात. आणि दवाखाना निवडताना कारखान्याजवळचा घेऊ नका, घराजवळचा घ्या. आजारी माणूस घरी असतो. वाळपईच्या माणसाने मडगावच्या ईएसआय इस्पितळापर्यंत जायचं ते मोठ्या कामासाठी. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी अख्खा दिवस आणि अर्धा पगार घालवणं कोणालाच परवडणार नाही.

काही जण आपलं दिव्यांगत्व मालकाला सांगत नाहीत. मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत तर हे फार होतं. त्यांचा निर्णय त्यांचाच आहे, कोणी जबरदस्ती करू नये. पण न सांगितल्यास मर्यादा २१,००० चीच राहते, एवढं माहीत असून निर्णय व्हावा. मालकाला हेही सांगता येईल की दिव्यांग कामगाराच्या ईएसआयचा आणि पीएफचा मालकाचा हिस्सा सुरुवातीची काही वर्षं केंद्र सरकारने भरण्याची योजना २००८ पासून आहे. खासगी कंपनीचा हिशेबनीस ते कान टवकारून ऐकतो.

पगार वाढला, किंवा नोकरीच सुटली

कार्ड "एका रात्रीत" बंद होईल ही दुसरी मोठी धास्ती. ईएसआयच्या बाबतीत तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेण्यासारखं आहे.

ईएसआय वर्षाचे दोन तुकडे करते. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा एक वर्गणीचा काळ, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा. प्रत्येक वर्गणीच्या काळाला जोडलेला एक लाभाचा काळ असतो आणि तो तीन महिन्यांनी मागाहून सुरू होतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात. ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबर.

समजा, डिचोलीची सुजाता गेल्या वर्षापासून एका कंपनीत आहे. तिला जूनमध्ये पगारवाढ मिळाली आणि पगार २५,८०० झाला, म्हणजे दिव्यांगांच्या मर्यादेच्याही वर. तरी ३० सप्टेंबरपर्यंत तिची वर्गणी कापली जात राहील, कारण वर्गणीचा काळ सुरू असताना मधेच कोणाला बाहेर काढत नाहीत. आणि त्या काळात तिची किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर तिचे उपचार पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत चालू राहतात. पगारवाढीपासून मोजलं तर वर्षभराची सवड. एवढ्या अवधीत दुसरी सोय बघता येते.

हेच नोकरी सुटल्यावरही लागू आहे. तिने ऑगस्टअखेर राजीनामा दिला, एप्रिलपासूनचे ७८ दिवस भरलेले आहेत, तर जूनपर्यंत दवाखान्याचं दार उघडं आहे. "झेपलं नाही तर काय" या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर. नोकरी करून बघायला जागा आहे.

मर्यादेच्या हिशेबात ओव्हरटाइम धरत नाहीत, हेही सांगून ठेवते. सणासुदीला जास्त पाळ्या केल्या म्हणून कोणी ईएसआयबाहेर जात नाही. मात्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते पगाराच्या अर्ध्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. तेव्हा हातात पडणारा पगार पाहून अंदाज बांधू नका. "ईएसआयसाठी माझं वेतन किती धरता" हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा.

आजारपणात काम बुडालं तर ईएसआयमधून पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठीही त्या वर्गणीच्या काळातले ७८ दिवस भरावे लागतात. ३४ दीर्घ आजारांसाठी ही मुदत वाढून दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि तेव्हा रक्कम पगाराच्या ८० टक्के असते. अर्धांगवायू, कमरेखालचा लुळेपणा, स्किझोफ्रेनियासारखे मनोविकार या यादीत आहेत. पुरेशा नोकरीची आणि वर्गणीची अट त्याला आहे. दीनदयाळमध्ये बुडालेल्या पगाराची भरपाई नाही, म्हणूनही ईएसआय जपायची.

आईवडिलांच्या छत्राखाली असलेल्यांनी थांबून विचार करावा

इथे खरा धोका आहे, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

बऱ्याच दिव्यांग तरुणांचे उपचार आज आईच्या किंवा वडिलांच्या कवचातून चालतात. वडील कारखान्यात, त्यांना ईएसआय. ईएसआयच्या व्याख्येत शारीरिक किंवा मानसिक व्यंग असलेलं अपत्य वयाने मोठं झालं तरी कुटुंबात धरलं जातं, पण अट अशी की ते पूर्णपणे त्या कामगाराच्या कमाईवर अवलंबून असावं. "पूर्णपणे" यावर सगळं अडतं. मुलगा स्वतः कमावू लागला की वडिलांच्या कार्डावरचा त्याचा हक्क डळमळतो.

त्याची नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर बिघडत नाही; त्याचं स्वतःचं ईएसआय सुरू होतं. अडचण येते ती छोट्या नोकरीत. म्हापशाच्या बाजारात चार नोकरांचं स्टेशनरीचं दुकान, महिना ७,००० रुपये. तिथे ईएसआय नाही, कारण दहा माणसं नाहीत. वडिलांच्या कार्डावर आता पूर्ण अवलंबित म्हणता येत नाही. म्हणजे सात हजारांच्या पगारासाठी औषधांची सोय गेली. पगाराचा मोठा भाग केमिस्टकडे जातो आणि घरचे म्हणतात, "सांगितलं होतं ना!"

अशा घराने नोकरी नाकारावी असं माझं मत नाही. पण कामाला लागण्याआधी दोन कामं उरकावीत. घराचं दीनदयाळ कार्ड नसेल तर काढून घ्यावं, असेल तर नूतनीकरण झालंय का आणि त्यावर या मुलाचं नाव आहे का ते पाहावं. वडिलांना ईएसआय आहे म्हणून दीनदयाळकडे वर्षानुवर्षं न फिरकलेली घरं खूप आहेत. दुसरं, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी घेऊन बांबोळीला किंवा जवळच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत नाव नोंदवून यावं, म्हणजे पहिल्याच महिन्यात गोळ्या संपल्यावर धावाधाव होत नाही.

वडील किंवा आई सरकारी नोकरीत होते, आणि त्यांच्या पश्चात दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतंय किंवा मिळणार आहे, अशीही घरं आहेत. तिथे जुनी समजूत अशी की चार पैसे कमावले तरी पेन्शन गेली. केंद्राच्या नियमांत २०२१ साली हे बरंच सैल केलं गेलं. दिव्यांग अपत्याचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे पालकाच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत यापेक्षा, कमी असेल तर पेन्शन चालू राहते. पालकाचा शेवटचा पगार ५०,००० असेल तर १५,००० आणि वर महागाई मदत एवढी कमाई चालते. आधीची मर्यादा ९,००० अधिक महागाई मदत अशी सरसकट होती. गोवा सरकारच्या नोकरीतल्या पालकांबाबत लेखा संचालनालयाकडून याचं उत्तर लेखी घ्या, तोंडी नको. एका मुलाखतीच्या पत्रावर आयुष्यभराची पेन्शन पणाला लावायची नसते. पण नियम न वाचता नोकरी सोडूनही द्यायची नसते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा एकाहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत कवच, आणि दीनदयाळमध्ये जे निघत नाही ते ओपीडी, औषधं, थेरपी यांचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेत निघतो. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, वयाची अट नाही. कमाई सुरू झाल्याने माणूस योजनेतून बाद होत नाही. दारिद्र्यरेषेच्या वर गेल्यास फक्त शुल्क थोडं जास्त पडतं. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवून परत घ्यायचे, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवावी लागते. वर्ष एप्रिल ते मार्च.

मासिक मदतीचं काय करायचं

दयानंदची रक्कम बंद होणार असेल तर ती सुरू ठेवण्यासाठी पगार लपवू नका. पगार बँकेत येतो, खातं आधारशी जोडलेलं असतं, पीएफचा क्रमांक असतो. आज ना उद्या ते दिसतं आणि मग इतक्या महिन्यांची वसुली एकदम मागितली जाते. ज्या घरात आधीच ओढाताण आहे तिथे ती रक्कम कंबर मोडते. नोकरी लागली की समाजकल्याण खात्याला साधं पत्र द्या आणि पोच घ्या. त्या पोचेचा उपयोग पुढे नोकरी सुटल्यावर होतो: मदत पुन्हा मागताना आपण प्रामाणिकपणे कळवलं होतं हे दाखवता येतं.

मला स्वतःला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. दिव्यांग माणसाचा खर्च नोकरी लागल्याने कमी होत नाही, उलट वाढतो. कदंबाच्या बसची पायरी चढता येत नाही म्हणून रिक्षा, बरोबर न्यायला माणूस, व्हीलचेअरची दुरुस्ती. अशा वेळी पगार सुरू होताच मदत थांबवणं म्हणजे कामाला लागल्याचा दंड. पगाराच्या प्रमाणात ती हळूहळू कमी करावी, आणि नोकरी सुटली तर नव्या अर्जाशिवाय आपोआप सुरू व्हावी, एवढं तरी गोव्यासारख्या छोट्या राज्याला जमायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २४ वं कलम सांगतं की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. त्याच कलमात असंही आहे की ज्यांना ईएसआय किंवा दुसरा कुठला सरकारी विमा लागू नाही, अशा दिव्यांगांसाठी सरकारने सर्वंकष विमा योजना आखावी. म्हापशाच्या दुकानात ७,००० वर राबणाऱ्या त्या मुलासाठीच जणू हे कलम लिहिलंय. ग्रामसभेत, आमदारांसमोर, दिव्यांगांच्या पर्पल फेस्ट महोत्सवाच्या मंडपात हा विषय मांडायला हवा, कलमाचा क्रमांक सांगून.

पंचवीस हजारांच्या पलीकडे

पगार २५,००० च्या वर गेला की कंपनीचा सामूहिक विमा कसा आहे हे बघायचं. अशा विम्यात आधीपासूनच्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ बऱ्याचदा माफ असतो. तो आहे का, एवढाच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतं. वैयक्तिक विमा घेताना २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा ध्यानात असू द्या: शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. २०२३ मध्ये विमा नियामकाने दिव्यांगांसाठी आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी ठेवायलाच हवी असंही सर्व कंपन्यांना बजावलं. हप्ता जास्त सांगतील, पण "देतच नाही" म्हणता येत नाही. दीनदयाळ कार्ड या काळातही चालू ठेवा. त्याला पगाराची अट नाही, हे पगार वाढल्यावर माणसं विसरतात आणि नूतनीकरण सोडून देतात.

सरकारी नोकरी लागली, चार टक्के राखीव जागांतून किंवा अन्यथा, तर दीनदयाळची जागा सरकारी वैद्यकीय सवलत घेते. तिथे भिण्यासारखं काही नाही. आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कारणासाठी माणसाला काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही. तसं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमात आहे.

कागद

सगळ्याच्या मुळाशी यूडीआयडी कार्ड. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्यावर निळं. ज्यांचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे त्यांनी त्याची मुदत बघून ठेवावी, विशेषतः मानसिक आजार आणि लहानपणी काढलेली प्रमाणपत्रं. मुदत संपलेल्या कार्डावर २५,००० ची मर्यादा टिकत नाही, आणि हे कळतं ते नेमकं गरजेच्या दिवशी.

कंपनीने ईएसआयमध्ये दिव्यांग म्हणून नोंद करायला टाळाटाळ केली तर आधी मालकाला लेखी पत्र द्या. पंधरा-वीस दिवसांत काही झालं नाही तर ईएसआय महामंडळाच्या पणजीतल्या प्रादेशिक कार्यालयात जा, ते पाटोला आहे. त्यानेही भागलं नाही तर राज्य दिव्यांगजन आयुक्त. साक्षीदाराला बोलावणं, कागद मागवणं यांबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्याकडे जायला वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. पगारपत्रकाची प्रत, यूडीआयडीची प्रत आणि मालकाला दिलेल्या पत्राची पोच त्याला जोडा, आणि अर्ज दिल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.